घोड्याला चार, वाफेला अठ्ठेचाळीस

कॉर्नवॉलमध्ये ट्रेव्हिथिकची एक गोष्ट सांगतात. एकोणिसावं शतक नुकतंच लागलं होतं. खाणींच्या मुलखातला हा धिप्पाड इंजिनीअर आणि त्याचा नातलग व्हिव्हियन, दोघं आपली नवी वाफेची गाडी घेऊन रात्रीच्या रस्त्याने चालले होते. वाटेत टोलनाका लागला. दांडा आडवा पडलेला. गाडी धापा टाकत, ठिणग्या उडवत थांबली आणि वरून कोणीतरी विचारलं, टोल किती? नाकेदाराची दातखीळ बसली. पुढे घोडा नाही, बैल नाही, पोटात आग, आणि तरी चालते. म्हणजे स्वारी कोणाची हे त्याला कोणी सांगायला नको होतं. थरथरत त्याने दांडा उघडला आणि सैतानमहाराजांना एक पैसाही न घेता पुढे जाऊ दिलं. कवी कोलरिज ही गोष्ट रंगवून सांगायचा म्हणे. तिच्यात तिखटमीठ किती आणि मूळ ऐवज किती, ते सोडून देऊ.

तीस वर्षांनी मात्र नाकेदारांची भीड पार चेपली होती. १८३१ साली लिव्हरपूल ते प्रेस्कट या रस्त्यावर भरलेल्या घोडागाडीला टोल होता ४ शिलिंग. वाफेची गाडी आली तर २ पौंड ८ शिलिंग, म्हणजे ४८ शिलिंग. सैतानाला बारापट दर लागू झाला होता.

वाफेच्या गाड्यांना या रस्त्यावर मज्जाव आहे, असं त्या दरपत्रकात कुठेही म्हटलेलं नव्हतं. म्हणायची गरजही नव्हती. चौदा माणसांकडून भाडं घेऊन नऊ-दहा मैल जाणाऱ्या गाडीने एका नाक्यावर ४८ शिलिंग मोजायचे म्हटलं, की ती दुसऱ्या दिवशी आपोआप घरी बसते. रस्ता सगळ्यांना मोकळाच राहतो, फक्त त्यावर काही गाड्या दिसेनाशा होतात. इंग्लंडमध्ये मोटारगाडीचा धंदा सत्तर वर्षं आधी सुरू होता होता राहिला, त्याची ही हकीकत आहे, आणि तिच्यात पार्लमेंटपेक्षा गावोगावच्या टोलमंडळांची करणी जास्त आहे.

त्या काळी इंग्लंडमधला हमरस्ता सरकारचा नसे. तो ज्या गावांतून जाई त्या गावांनी आपापला तुकडा दुरुस्त ठेवायचा. १५५५ च्या कायद्याने गावकऱ्यांवर वर्षातले काही दिवस त्यासाठी फुकट राबण्याची सक्ती होती. हा वेठीचाच प्रकार, आणि वेठीच्या कामावर जी कळा असते तीच त्या रस्त्यांवर होती. आपल्या शिवेतून दुसऱ्याचा माल लंडनला जातो, त्याच्यासाठी आपण का खपायचं, असं गावकऱ्यांना वाटे आणि त्यात त्यांचं चुकत नव्हतं. १६६३ मध्ये लंडनहून उत्तरेला जाणाऱ्या रस्त्यावर, हर्टफर्डशरमधल्या वेड्समिलला, जो रस्ता वापरेल त्याच्याकडूनच पैसे घेण्याची परवानगी पार्लमेंटने दिली. पुढच्या शतकात या कल्पनेचं पेव फुटलं. दहा-वीस मैलांच्या एकेका तुकड्यासाठी वेगळा कायदा आणि वेगळं विश्वस्त मंडळ. रस्त्यावर आडव्या टाकलेल्या, टोकदार सळया बसवलेल्या फिरत्या दांड्यावरून या मंडळांना टर्नपाइक ट्रस्ट नाव पडलं. १८३० च्या दशकात अशी हजाराहून जास्त मंडळं सुमारे २०,००० मैल रस्ते सांभाळत होती.

विश्वस्त म्हणजे त्या टापूतली भारदस्त मंडळी: जमीनदार, पाद्री, दंडाधिकाऱ्याचं काम पाहणारे गृहस्थ, कुठे एखादा गिरणीवाला. पगार नाही. कर्जरोखे काढून रस्ता करायचा आणि टोलच्या उत्पन्नातून व्याज द्यायचं. नाक्यावर स्वतः माणूस बसवण्याऐवजी ते मक्त्याने देत. लिलावात टेबलावर मिनिटभराचं वाळूचं घड्याळ ठेवायचे, प्रत्येक बोलीनंतर ते उलटायचं, आणि ठरलेल्या वेळा वाळू खाली पडेपर्यंत नवी बोली आली नाही तर नाका शेवटच्या माणसाचा. त्याने मंडळाला ठरलेली रक्कम द्यायची, वर सुटेल ते खिशात घालायचं. आपल्याकडच्या नगरपालिकांच्या जकातनाक्यांचे मक्ते ज्यांनी पाहिलेत त्यांना हा कारभार ओळखीचा वाटेल.

टोलमधून सुटका होती ती कोणाला? टपालगाडीला, सैन्याला, रविवारी चर्चला निघालेल्यांना, अंत्ययात्रेला, शेतात खत नेणाऱ्या गाडीला. यादी वाचली की त्या समाजाला कोणाची वाट अडवणं पाप वाटत होतं ते कळतं. आणि कोणाची अडवणं पाप वाटत नव्हतं, तेही.

गाड्यागाड्यांत भेद करायची ही सवय वाफेच्या कितीतरी आधीची. १६२० च्या सुमारास पहिल्या जेम्स राजाने चार चाकांच्या मालगाड्यांविरुद्ध फर्मान काढलं होतं, कारण त्या रस्ते खणून काढतात. अठराव्या शतकात सगळं खापर चाकाच्या धावेवर फुटू लागलं. धाव म्हणजे चाकाला बसवलेली लोखंडी पट्टी. ती अरुंद असली तर रस्त्यात चाकोरी पडते, रुंद असली तर चाक रोलरचं काम करतं, असा तर्क. १७५३ च्या कायद्याने जड मालगाड्यांना नऊ इंच रुंद धावेची अट घातली. पुढे रुंद चाकवाल्यांना टोलमध्ये सूट, जास्त घोडे जुंपायची मुभा, अरुंदवाल्यांना जादा आकार. नाक्यांवर गाड्या तोलायचे प्रचंड काटे आले. गाडीवानही काही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. त्यांनी रुंद चाकं करून घेतली, पण धाव कडेकडे निमुळती ठेवली. मोजायला नऊ इंच भरे, जमिनीला टेके त्यातला थोडाच भाग. नाकेदार पट्टी लावून खूश, गाडीवान गाडी हाकून खूश, आणि रस्ता होता तसाच.

या हास्यास्पद प्रकाराच्या तळाशी एक खरा प्रश्न होता, तो विसरता कामा नये. रस्ता सगळ्यांचा आहे, पण तो सगळे सारखाच झिजवत नाहीत. दुरुस्तीचा खर्च ज्याच्या डोक्यावर आहे त्याला कोणती गाडी किती झीज करते हे पाहून दर ठरवण्याचा अधिकार हवाच. घोटाळा पुढे होतो. झीज मोजणारा कोण आणि त्याचे घोडे कोणाच्या तबेल्यात आहेत, यावर बरंच काही ठरतं.

गोल्डस्वर्दी गर्नी हा पेशाने सर्जन. १७९३ मध्ये कॉर्नवॉलमध्येच, पॅडस्टोजवळ जन्मलेला. लहानपणी त्याने ट्रेव्हिथिकला आणि त्याच्या इंजिनांना पाहिलं होतं, आणि ते खूळ डोक्यातून गेलं नाही. १८२० मध्ये तो लंडनला आला, रसायनशास्त्रावर व्याख्यानं देऊ लागला आणि थोड्याच वर्षांत वैद्यकी सोडून वाफेच्या नादी लागला. त्याच्या पहिल्यावहिल्या गाडीला चाकांखेरीज लोखंडी पाय होते. नुसती चाकं चढावर घसरतील, तेव्हा मागून घोड्यासारखे पाय मारून गाडी ढकलावी, अशी त्याची कल्पना. चाकं घसरत नाहीत हे लक्षात आल्यावर पाय गेले. १८२९ च्या जुलैत तो लंडनहून बाथपर्यंत गेला आणि परत आला, सुमारे दोनशे मैल. वाटेत मेल्कशमला लोकांनी यंत्रांच्या नावाने शिव्या देत त्याच्यावर दगड फेकले. कापड विणणारा मुलूख होता, यंत्रमागाने पोटावर पाय आलेला. तिथल्या माणसाला वाफ या शब्दाचा एकच अर्थ माहीत होता.

गर्नीची गाडी चालवायला घेतली सर चार्ल्स डान्स यांनी. ग्लॉस्टर आणि चेल्टनहॅम यांच्यामधलं अंतर नऊ मैल. चेल्टनहॅम हे औषधी पाण्याच्या झऱ्यांचं गाव, तिथे सुखवस्तू लोक प्रकृतीला आराम म्हणून येत, त्यामुळे उतारूंना तोटा नव्हता. २१ फेब्रुवारी १८३१ पासून वाफेचं इंजिन मागे माणसांचा डबा ओढत या रस्त्यावर रोज फेऱ्या घालू लागलं. नऊ मैलांना बहुतेक वेळा पाऊण तास ते तासभर. चार महिन्यांत या गाड्यांनी साडेतीन हजारांवर मैल कापले आणि सुमारे तीन हजार माणसं नेली-आणली. लोकांच्या अंगावर धडधडत जाणारं कौतुक म्हणून नव्हे, वेळापत्रक लावून, भाडं घेऊन, पावसापाण्यात. रस्त्यावर यंत्राने चालणारी बस म्हणायची तर जगातल्या अगदी पहिल्यांपैकी ही.

मग रस्त्यात खडी आली.

चेल्टनहॅमच्या रस्त्यावर एका टप्प्यात मंडळाने सुट्या दगडांचा फूट-दीड फूट जाडीचा थर टाकला. रस्ता दुरुस्त करणारे खडी टाकणारच, असं मंडळाला म्हणता येत होतं. पण त्या काळची खडी पातळ थरांनी पसरायची, तिच्यावरून वाहनं जाऊन ती दबायची, हे रस्तेबांधणीतला जाणकार मॅकॲडम याने त्याआधी पंधरा वर्षं कानीकपाळी ओरडून सांगितलेलं होतं. घोडागाड्यांनाही तो ढीग ओलांडताना नाकी नऊ आले. गर्नीचं इंजिन सुरुवातीला त्या ढिगावरून गेलंही. २२ जूनला मात्र त्याचा कणा मोडला, आणि सेवा कायमची बंद पडली.

हे मुद्दाम केलं का? चेल्टनहॅमच्या आसपासचे जमीनदार घोड्यांसाठी ओट पिकवत, गवत विकत. घोडागाडीवाल्यांची कुटुंबं त्या रस्त्यावर जगत. आणि मंडळावर याच जमीनदारांचं वजन. डान्सच्या पक्षाला दगड कोणी आणि का टाकले याबद्दल संशय नव्हता. मला विचाराल तर हेतू सिद्ध करण्याच्या भानगडीत पडायची जरूर नाही. रस्ता दुरुस्त करण्याचा अधिकार आणि रस्ता अडवण्याचा अधिकार एकाच हातात होता, आणि त्या हाताला विचारणारं जवळपास कोणी नव्हतं. एवढं पुरे आहे.

तोवर गर्नी पार्लमेंटच्या दारात पोचलेला होता. एकेका टर्नपाइक मंडळाचा कायदा नूतनीकरणासाठी येई तेव्हा त्यात, कोणाच्या फारसं लक्षात न येता, यंत्राने चालणाऱ्या गाड्यांचा एक दर घुसवला जाई. कुठे चाकांवर, कुठे वजनावर, कुठे अश्वशक्तीवर. आणि अश्वशक्ती मोजायची कशी हे कोणत्याच नाकेदाराला ठाऊक नव्हतं. १८३१ मध्ये कॉमन्स सभेने चौकशीसाठी समिती नेमली. तिने जमवलेले दर वाचले की हसावं की रडावं कळत नाही. स्कॉटलंडमध्ये बाथगेटच्या रस्त्यावर चार घोड्यांच्या गाडीला ५ शिलिंग, गर्नीच्या गाडीला १ पौंड ७ शिलिंग १ पेनी. तो वरचा एक पेनी कुठल्या हिशेबातून आला असेल? डेव्हनमध्ये टॉटनेसच्या रस्त्यावर घोड्यांना ३ शिलिंग, वाफेला २ पौंड, तेरापटीहून जास्त. तिथून जवळच टिनमथ ते डॉलिश या समुद्रकाठच्या रस्त्यावर २ ला १२, म्हणजे सहापट. तिथले विश्वस्त त्यातल्या त्यात मायाळू म्हणायचे.

समितीने साक्षी घेतल्या त्या ऐऱ्यागैऱ्यांच्या नव्हेत. रस्ते बांधणारा नामांकित इंजिनीअर, म्हातारा टेलफर्ड आला, मॅकॲडमचा मुलगा जेम्स आला, खुद्द ट्रेव्हिथिक आला. सगळ्यात वजनदार साक्ष झाली जॉन मॅकनील या इंजिनीअरची. लंडनहून वेल्समधल्या होलीहेड बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्याने टेलफर्डच्या हाताखाली काम केलं होतं आणि झीज हा त्याचा रोजचा विषय होता. त्याच्या हिशेबाने, जलद घोडागाड्यांच्या रस्त्याची शंभर भाग झीज धरली तर २० भाग ऊनपाऊस आणि थंडीमुळे, २० भाग चाकांमुळे, आणि ६० भाग घोड्यांच्या टापांमुळे. नाल ठोकलेला खूर दगडावर आपटतो, खडी उखडतो. चाक ती दाबतं. ज्या गाडीला घोडेच नाहीत, तिच्या हिशेबातून साठ भाग एका फटक्यात गळून पडतात.

म्हणजे झीज हेच कारण असतं तर वाफेच्या गाडीला घोडागाडीपेक्षा कमी टोल हवा होता.

ऑक्टोबर १८३१ मध्ये समितीचा अहवाल आला. वाफेच्या गाड्या साध्या रस्त्यावर सरासरी ताशी दहा मैल जाऊ शकतात, चौदा उतारू नेऊ शकतात, इंजिन, कोळसा, पाणी, माणसं धरून त्यांचं वजन तीन टनांच्या आत राहतं, चढउतार त्या सहज काढतात, उतारूंना धोका नाही, लोकांना त्रास नाही, रस्त्याचं नुकसान घोड्यांपेक्षा कमी. आणि काही रस्त्यांवर लावलेले टोल तसेच राहिले तर या गाड्या तिथे चालूच शकणार नाहीत. पार्लमेंटच्या समितीने इतक्या स्वच्छ शब्दांत एखाद्या नव्या यंत्राची बाजू घेतल्याची उदाहरणं फार नाहीत. टोल समान करण्याचं विधेयक कॉमन्समध्ये मंजूरही झालं. लॉर्ड्स सभेत ते बुडालं. पाच वर्षांनी पुन्हा प्रयत्न झाला. १८३६ मध्ये लॉर्डांनी स्वतःची समिती नेमली आणि पुन्हा दार लावून घेतलं. लॉर्ड म्हणजे कोण? बहुतेक जण आपापल्या परगण्यात जमीनदार, आणि अनेकांचे हितसंबंध कुठल्या ना कुठल्या टर्नपाइक मंडळात गुंतलेले.

गर्नीचं दिवाळं वाजलं. त्याच्या नुकसानीची दखल घेणारी आणखी एक समिती बसली, तिनेही त्याच्या बाजूने कौल दिला, हातात मात्र काही पडलं नाही. हा माणूस खचून बसणारा नव्हता. पुढे त्याने प्रखर उजेडाचा एक दिवा शोधला, कॉमन्सच्या सभागृहात उजेडाची आणि हवा खेळती ठेवण्याची व्यवस्था केली आणि १८६३ मध्ये सर झाला. ज्या पार्लमेंटच्या वरच्या घराने त्याच्या गाडीचा गळा दाबला, तिच्याच खालच्या घराला त्याने वर्षानुवर्षं श्वास घ्यायला लावला. अशी सरदारकी कोणाला मिळाली असेल असं वाटत नाही.

लंडनच्या पूर्वेला स्ट्रॅटफर्डमध्ये वॉल्टर हॅनकॉक मात्र टिकून राहिला. गर्नीपेक्षा अबोल आणि कारागीर म्हणून बहुधा सरस. त्याच्या गाड्यांची नावं ऐकावीत अशी: इन्फंट, एंटरप्राइज, ऑटोमॅटन, आणि एकीचं तर चक्क ऑटॉप्सी, म्हणजे शवविच्छेदन. वाफेच्या बॉयलरवर बसायला उतारू आधीच कचरत असताना हे नाव ठेवण्याचं धाडस कोणाच्या डोक्यातून आलं असेल? तरीही लोक बसले. १८३६ मध्ये वीस आठवड्यांत त्याच्या गाड्यांनी ७१२ फेऱ्या मारल्या, ४,२०० मैल कापले आणि १२,७६१ माणसं नेली. हे लंडनच्या गर्दीत, कुत्र्यामांजरांतून, हातगाड्यांतून. तरी त्याच्या हाती पैसा लागला नाही आणि १८४० च्या दशकात त्यानेही नाद सोडला.

स्कॉटलंडची कहाणी काळीकुट्ट आहे. जॉन स्कॉट रसेल, जो पुढे ब्रुनेलबरोबर ग्रेट ईस्टर्न हे अजस्र जहाज बांधणार होता, त्याच्या गाड्या १८३४ मध्ये ग्लासगो ते पेस्ली धावत होत्या. इथेही मंडळाने रस्त्यावर दगडांचे थर टाकले. इथेही गाड्या त्यावरून जात राहिल्या. २९ जुलैला एका गाडीचं चाक दगडात मोडलं, गाडीचं सगळं वजन बॉयलरवर आलं आणि तो फुटला. चार-पाच माणसं गेली. ग्लॉस्टरच्या खडीने कणा मोडला होता. या खडीने माणसं मारली, आणि विजयी झाले ते खडी टाकणारेच. कारण दुसऱ्या दिवसापासून बोलायला नवा मुद्दा मिळाला: बघा, आम्ही म्हणत होतो, या गाड्या घातकच.

एवढं सांगितल्यावर कथा सरळ होते. पुढे गेलेले संशोधक, मागे ओढणारे जमीनदार. ती तशी आवडायला सोपी आहे, पण मला ती पुरती पटत नाही. गर्नीचे बॉयलर नाजूक होते. लोखंडी धावेच्या चाकांवर, धड स्प्रिंगही नसताना, खडीच्या रस्त्याने तीन टन यंत्र हादरत जायचं म्हणजे रोज काहीतरी तुटणारच. हॅनकॉक लंडनमध्ये वर्षानुवर्षं चालवूनही कफल्लक राहिला, त्याचं खापर बारापट टोलवर फोडता येत नाही. आणि विश्वस्तांची बाजूही होती. देशभरच्या मंडळांच्या डोक्यावर मिळून ७० लाख पौंडांहून जास्त कर्ज होतं, रोखे घेतलेल्यांत विधवा होत्या, पाद्री होते. उत्पन्न सगळं घोड्यांच्या संख्येवर मोजलेलं. घोडाच नसलेल्या गाडीचा टोल कसा लावायचा, हा प्रश्न प्रामाणिकही होता. त्याचं उत्तर द्यायला त्यांनी ज्या घाईने बारापट आणि तेरापट आकडे लिहिले, तिथे प्रामाणिकपणा संपतो.

गंमत पुढे आहे. प्रेस्कटपासून दोन-तीन मैलांवर रेनहिल नावाचं गाव आहे. ऑक्टोबर १८२९ मध्ये स्टीव्हन्सनच्या रॉकेट इंजिनाने तिथेच शर्यत जिंकली, आणि १५ सप्टेंबर १८३० ला लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वे तिथूनच धावू लागली. रेल्वे कंपनीने स्वतःची जमीन विकत घेतली, स्वतःचे रूळ टाकले. तिच्या वाटेत ना नाका, ना मक्तेदार, ना वाळूचं घड्याळ. लिव्हरपूल-मँचेस्टर मार्गावरच्या बहुतेक घोडागाड्या थोड्याच महिन्यांत बंद पडल्या. म्हणजे प्रेस्कटचे विश्वस्त ४८ शिलिंगांचा दर लावून आपल्या रस्त्यावरून वाफ हाकलत होते, तेव्हा ती हाकेच्या अंतरावरून त्यांचे घोडे घेऊन पसार होत होती. १८३७ च्या सुमारास देशभरच्या टोलचं उत्पन्न वर्षाला १५ लाख पौंडांच्या घरात पोचलं, आणि मग उतरणीला लागलं ते लागलंच. आपल्याकडे यालाच हातचं सोडून पळत्याच्या मागे लागणं म्हणतात. फक्त इथे हातचं कोणतं आणि पळतं कोणतं हेच मंडळांना कळलं नव्हतं.

भारतात त्याच सुमाराला वेगळीच रीत पडत होती. नोव्हेंबर १८३० मध्ये गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी बोरघाटातला गाडीरस्ता खुला केला. तो सरकारने बांधलेला, सरकारचाच. १८५१ च्या भारतीय पथकर कायद्यानेही रस्त्यांवरचे दर ठरवण्याचा अधिकार सरकारच्याच हाती ठेवला. नाका मक्त्याने दिला तरी दर मक्तेदाराचा किंवा गावच्या मंडळाचा नसे. १८७० च्या दशकात क्रॉम्प्टन नावाच्या तरुण लष्करी अधिकाऱ्याने पंजाबात ग्रँड ट्रंक रोडवर रबरी धावेची, वाफेवर चालणारी इंजिनं धावडवली. त्यांतलं रावी नावाचं इंजिन १८७१ मध्ये परीक्षेसाठी इंग्लंडात इप्सविचहून एडिंबरोला जाऊन परत आलं होतं. इथेही प्रयोग टिकला नाही, पण त्याला दगडांच्या ढिगाने किंवा नाक्याने मारलं नाही. रेल्वे येत गेली आणि तो मागे पडला. आजच्या मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकी, रिक्षा आणि ट्रॅक्टर यांना मनाई आहे, ती सरळ पाटीवर लिहून. दुचाकीवाला कुरकुरतो आणि जुन्या घाटरस्त्याने जातो. निदान आपल्याला नको म्हटलंय हे त्याला माहीत असतं.

इंग्लंडने दराचा घोळ शेवटी १८६१ मध्ये मिटवला. त्या वर्षीच्या कायद्याने देशभर एकच हिशेब घालून दिला: रस्त्यावरच्या इंजिनाच्या दर दोन टनांमागे एका घोड्याचा टोल. तीस वर्षांपूर्वी हे झालं असतं तर गर्नीची तीन टनांची गाडी दोन घोड्यांच्या दरात गेली असती. पण तोवर रस्त्यावर वाफेच्या बस राहिल्याच नव्हत्या. होती ती शेतातली मळणीयंत्रं ओढणारी संथ, अवजड इंजिनं. त्यांच्यासाठी १८६५ मध्ये तो कुप्रसिद्ध लाल झेंडा आला. गावात ताशी दोन मैल, बाहेर चार, गाडीवर तीन माणसं, त्यांतला एक साठ यार्ड पुढे लाल निशाण घेऊन चालणारा. याच कायद्याने शहरांना इंजिनं कोणत्या वेळी जाऊ द्यायची ते ठरवण्याचा अधिकार दिला. १८७८ च्या दुरुस्तीने परगण्यांनाही पोटनियम करण्याचा हक्क मिळाला: दिवसातले सलग आठ तासांपर्यंत बंदी, काही रस्ते आणि पूल पूर्ण बंद, शिवाय दहा पौंडांपर्यंत वार्षिक परवाना फी. प्रत्येक परगण्याचे तास वेगळे, फी वेगळी. सीमेवरच्या शेतकऱ्याकडे मळणीला निघालेलं इंजिन एका परगण्यात सकाळी अडकायचं आणि दुसऱ्यात संध्याकाळी. टर्नपाइक मंडळं एकेक करून मोडीत निघत होती, पण त्यांच्या हातातला दांडा परगण्यांनी झेलला होता.

शेवटचं मंडळ टिकलं ते वेल्समधल्या अँगलसी बेटावर. टेलफर्डने बांधलेल्या आणि मॅकनीलने झिजेचे हिशेब मांडलेल्या त्याच होलीहेडच्या रस्त्याचा हा शेवटचा तुकडा. १ नोव्हेंबर १८९५ ला तिथला टोल बंद झाला. लानवायरपूलजवळचं ते जुनं टोलघर अजून उभं आहे आणि त्याच्या भिंतीवर दरपत्रकही आहे: गाडीला जुंपलेला घोडा किंवा खेचर, ओझ्याचं जनावर, गुरं आणि मेंढरं दर कोडीमागे इतके पेनी. एक वर्ष आणि तेरा दिवसांनी, १४ नोव्हेंबर १८९६ ला, नव्या कायद्याने चार मैलांची मर्यादा उठवल्याचा आनंद म्हणून तीसेक मोटारगाड्या लंडनहून ब्रायटनकडे निघाल्या. वाटेत काही बंद पडल्या, काही पोचल्या. टोल मागायला नाका एकही उरला नव्हता.